घरातल्या भांड्यांनाही साक्ष देऊ द्या!

मोबाईल आता वस्तीवस्तीत पोहोचला आहे. पूर्वी फोटो काढायचा म्हणजे तालुक्याच्या स्टुडिओत जावे लागे. अंगात धुतलेला सदरा, मागे रंगवलेला बगीचा आणि खिशात पैसे एवढी तयारी झाली तरच फोटो निघत असे. त्यामुळे आपल्या आज्या-पणज्यांपैकी कित्येकींचा एकही फोटो नाही. माता रमाईंचेही फोटो मोजकेच आहेत. आज मात्र दहावीत शिकणाऱ्या मुलाच्या खिशातही कॅमेरा आहे आणि फोटोला पैसा पडत नाही. मग या कॅमेऱ्याने आपण काय टिपतो? जयंतीची मिरवणूक, पुतळ्याला हार घालणारे पुढारी, वाढदिवसाचा केक, नवी मोटारसायकल आणि स्वतःचा चेहरा. टिपावे, जरूर टिपावे. ज्यांना शेकडो वर्षे आरशात पाहण्याचीही उसंत मिळाली नाही, त्यांनी स्वतःचा चेहरा शंभर वेळा टिपला तर कोणाचे पोट दुखण्याचे कारण नाही.

परंतु हा फोटो काढताना आपण आणखी एक गोष्ट करतो. फोटोच्या चौकटीत येणारी जर्मनची काळवंडलेली पातेली पायाने बाजूला सारतो. खुंटीवरची वाकळ काढून आत टाकतो. भिंतीशी टेकलेला पाटा दिसू नये म्हणून मोबाईल तिरका धरतो. एवढे करूनही एखादी वस्तू राहिलीच तर बोट फिरवून ती फोटोतून पुसून टाकण्याची सोय आता मोबाईलमध्येच आहे. ही पुसापुसी आपण हसतखेळत करतो. आमचा मुद्दा या पुसापुसीबद्दल आहे. जे घराबाहेर ढकलले जात आहे ते निदान फोटोत तरी राहिले पाहिजे आणि फोटोत राहिले तर ते आहे तसे राहिले पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

एखादे घर जळाले, पडले किंवा पुरात वाहून गेले की पंचनामा होतो. त्या पंचनाम्यात एक ठरलेला शब्द असतो, 'संसारोपयोगी साहित्य'. संसारोपयोगी साहित्य जळून खाक झाले, अंदाजे नुकसान अमुक इतके. संपला पंचनामा! वर्तमानपत्रेही तोच शब्द उचलून छापतात. तीस वर्षे एकेक भांडे जोडून उभा केलेला संसार दोन शब्दांत गुंडाळला जातो. १९७८ साली विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. त्या घरांमध्ये काय काय होते? किती धान्य होते, किती हंडे होते, कोणत्या पेटीत मुलाचे दाखले होते, कोणत्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती? जळालेल्या घरांचे आकडे कागदावर मिळतील, घरातल्या वस्तूंची यादी मात्र शोधूनही मिळणार नाही. कारण ती वस्ती पेटण्यापूर्वी कोणी केली नव्हती आणि पेटल्यानंतर करायला वस्तूच उरल्या नव्हत्या.

कायदा मात्र या वस्तूंना ओळखतो. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे आणि त्याचे नियम १९९५ चे. त्यातील बाराव्या नियमानुसार अत्याचार झालेल्या ठिकाणी जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी स्वतः जाऊन जीविताची व मालमत्तेची हानी तपासायची असते. गंभीर गुन्ह्यांतील पीडित कुटुंबाला द्यावयाच्या मदतीत तीन महिन्यांचे तांदूळ, गहू, डाळी यांच्याबरोबर भांडी हा शब्दही त्या नियमांच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे भांडे ही क्षुल्लक बाब नाही, असे खुद्द सरकारी नियम सांगतो. आता विचार करा, घरातल्या प्रत्येक वस्तूचा तारखेसह काढलेला फोटो जर त्या घरातल्या लेकीकडे, शहरातल्या भावाकडे, विहारातल्या कपाटात जपलेला असेल, तर 'तुझ्या घरात होतेच काय?' असे विचारणाऱ्याचे तोंड बंद करता येईल की नाही? फोटो असला म्हणजे भरपाई मिळालीच, असे आम्ही म्हणत नाही. पण तोंडी सांगणाऱ्याला खोटे ठरवणे जितके सोपे असते तितके ते फोटोसमोर सोपे राहत नाही. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूणला महापुराने वेढले तेव्हा चिखलात गेलेल्या घरांनाही हाच प्रश्न होता. आग असो की पूर, बोलणाऱ्याजवळ पुरावा लागतो.

हे काही आमच्या डोक्यातून निघालेले नवे खूळ नाही. फोटोग्राफीच्या जन्मापासूनच ही गोष्ट माहीत आहे. इंग्लंडमधील हेन्री फॉक्स टाल्बट याने १८४४ ते १८४६ या काळात 'द पेन्सिल ऑफ नेचर' नावाचे फोटोंचे पुस्तक भागाभागाने प्रसिद्ध केले. त्या पुस्तकात राजेरजवाड्यांचे चेहरे नाहीत. फळीवर मांडलेल्या चिनी मातीच्या कपबश्या आहेत, काचेची भांडी आहेत. त्यासोबत टाल्बट लिहितो की असा फोटो काढून ठेवला आणि पुढे चोराने वस्तू पळवल्या, तर न्यायालयात हा मुका साक्षीदार काय करील ते पाहण्यासारखे होईल. टाल्बट हा जमीनदार माणूस. त्याला त्याच्या कपबश्यांची काळजी वाटली आणि त्याने त्या टिपून ठेवल्या. पावणेदोनशे वर्षांनंतर तेच साधन आपल्या हातात आले आहे. ज्यांचे कधी काही चोरीला गेले नाही ते आपल्या वस्तूंची नोंद ठेवतात आणि ज्यांचे सर्वस्व लुटले गेले त्यांच्याकडे नोंद नाही, हा उलटा न्याय किती दिवस चालू द्यायचा?

याच पुस्तकात एका उघड्या दाराचा फोटो आहे. दाराशी एक केरसुणी टेकून ठेवलेली आहे. फोटो फार सुंदर आहे म्हणून जगभर नावाजला जातो. केरसुणी दिसते, पण ती धरणारा हात त्या फोटोत नाही. असे आपल्याकडेही झाले आहे. केरसुणी आणि मडके या दोन वस्तूंचे फोटो आज कलादालनात लागतात, मातीच्या मडक्यावर नक्षी काढून ते दिवाणखान्यात ठेवले जाते. पण याच दोन वस्तू पेशवाईत आपल्या बापजाद्यांच्या अंगावर बांधल्या गेल्या होत्या. कमरेला केरसुणी आणि गळ्यात मडके. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात हे नोंदवून ठेवले आहे. त्याच ग्रंथात अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावची हकीकत आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या काही अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यातून पाणी आणू लागल्या. मातीची घागर सोडून धातूची घागर डोक्यावर घेतली, एवढाच काय तो गुन्हा! सवर्णांना तो आपला अपमान वाटला आणि त्यांनी त्या स्त्रियांना मारहाण केली. शाळेत बसण्यासाठी लहानग्या भीमरावाला स्वतःच्या घरून गोणपाटाचा तुकडा न्यावा लागत असे, हेही बाबासाहेबांनीच लिहिले आहे. घागर, केरसुणी, गोणपाट या तीन घरगुती वस्तूंमध्ये जातिव्यवस्थेचा सगळा इतिहास मावतो. मग आपल्या घरातली पितळी घागर ही केवळ घागर कशी असेल? ती कोणी, कोणत्या साली, कशाच्या पैशातून घेतली आणि ती डोक्यावर घेऊन पाणवठ्यावर जाताना पहिल्यांदा काय झाले, हे विचारून तर पाहा.

येथे काही जाणते लोक एक आक्षेप घेतील. ते म्हणतील, या जुन्या खुणा टाकून द्या असे खुद्द बाबासाहेबांनीच सांगितले होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत त्यांनी स्त्रियांना अंगावरचे जातीची ओळख सांगणारे जड दागिने टाकायला आणि लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या माणसांनी देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. मग तुम्ही जुन्या वस्तू उकरून काढण्याचा सल्ला कसा देता?

आक्षेप गंभीर आहे म्हणून उत्तरही नीट दिले पाहिजे. वस्तू टाकणे वेगळे आणि ती वस्तू होती हेच विसरणे वेगळे. महाडला ज्या स्त्रियांनी दागिने टाकले त्यांनी काय टाकले हे आज आपल्याला ठाऊक नसते, तर त्यांच्या धाडसाचे मोल तरी कसे कळले असते? बाबासाहेबांनी गोणपाट सोडला, पण गोणपाटाची गोष्ट लिहून ठेवली. आम्ही कोणाला पाट्यावर वाटण वाटायला सांगत नाही. मिक्सर आला, सुनेचे मनगट वाचले, उत्तम झाले. जाते गेले, गिरणी आली, पहाटेची झोप मिळाली, त्याहून उत्तम. वस्तू भंगारात द्यायची असेल तर खुशाल द्या. मात्र भंगारवाल्याच्या काट्यावर चढण्यापूर्वी तिचा एक फोटो काढा आणि तिची हकीकत लिहून ठेवा. फोटोची सोय हीच आहे. ओझे टाकता येते आणि आठवण ठेवता येते.

दुसरा आक्षेप असा की हे गरिबीचे प्रदर्शन आहे. याचे उत्तर सोपे आहे. प्रदर्शन कोण करतो आणि कोणासाठी करतो, यावर ते ठरते. शहराबाहेरच्या महागड्या हॉटेलांत जाऊन पाहा. दारात जाते मांडलेले असते, भिंतीवर सूप टांगलेले असते, कंदिलात विजेचा दिवा घातलेला असतो आणि पाहुणे त्यासमोर उभे राहून फोटो काढतात. त्या जात्यावर कोण दळत होते, कोणाच्या घरासाठी दळत होते आणि दळणाऱ्या बाईच्या वाट्याला किती पीठ येत होते, हे तिथे कोणी लिहीत नाही. वस्तू आपली, घाम आपला आणि शोभा दुसऱ्याच्या हॉटेलची! आपण गप्प राहिलो तर आपल्या वस्तूंची गोष्ट असेच लोक सांगणार.

याउलट, मन लावून केलेल्या नोंदीतून काय उभे राहते त्याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉटव्हँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या मायमाऊल्यांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या लोकांपुढे आणल्या. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात चळवळीतील स्त्रियांना बोलते केले. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून आपल्या चुलीवर काय शिजत होते ते पदार्थांसकट मांडले. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे कॅमेऱ्यात पकडले. अमेरिकेत गॉर्डन पार्क्स या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने १९४२ साली वॉशिंग्टनमधील सरकारी इमारतीत सफाई करणाऱ्या एला वॉटसन या कृष्णवर्णीय स्त्रीला राष्ट्रध्वजासमोर उभे केले. तिच्या एका हाताला झाडू होता, दुसऱ्या बाजूला पुसणी. टाल्बटच्या फोटोत न दिसलेला हात शंभर वर्षांनी पार्क्सच्या फोटोत दिसला. पार्क्स तेवढ्यावर थांबला नाही, तो तिच्या घरीही गेला आणि तिचे घर, तिची नातवंडे टिपून आला. ही माणसे मोठी आहेत. पण त्यांनी आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात यावे अशी अपेक्षा करणे चूक आहे. आपल्या घरात कॅमेरा घेऊन आपणच उभे आहोत.

आता पुसापुसीचा मुद्दा. फोटोत फेरफार करणे आपल्याला नवे नाही. घराघरांतील बाबासाहेबांच्या निळ्या सुटातल्या तसबिरी पाहा. बाबासाहेबांचे बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत. तो निळा रंग चित्रकारांनी आणि छापखान्यांनी भरला, समाजाने तो आपला मानला. यात फसवणूक नाही. कारण ते चित्र आदराने केले आहे आणि कोणी ते पुरावा म्हणून पुढे करत नाही. परंतु नोंद म्हणून काढलेल्या फोटोला वेगळा नियम लागतो. १९३६ साली अमेरिकेत आर्थर रोथस्टीन या सरकारी छायाचित्रकाराने दुष्काळी भागात पडलेली गुराची एक कवटी काही फूट सरकवून वेगवेगळ्या जागी तिचे फोटो काढले. दुष्काळ खरा होता, कवटी खरी होती. पण ती हलवली हे कळताच राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या विरोधकांनी बोंब ठोकली की सगळा दुष्काळच बनावट आहे! हे आपण नीट लक्षात ठेवले पाहिजे. प्रस्थापित माणसाच्या शंभर खोट्या फोटोंकडे काणाडोळा होतो. आपला एक फोटो बदललेला निघाला तर आपले शंभर खरे फोटो खोटे ठरवले जातात. आज तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कधीच न घडलेल्या प्रसंगाचे चित्र मिनिटभरात तयार होते. अशी चित्रे हौसेने पुढे पाठवणारी आपलीच पोरे आहेत. त्यांना प्रेमाने समजावले पाहिजे की बाबा रे, यामुळे आपल्या खऱ्या कागदाचीही किंमत कमी होते.

शिवाय मोबाईल स्वतःहूनच बरेच काही बदलत असतो, हे अनेकांना ठाऊक नसते. बटण एकदा दाबले तरी तो अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो. अंधार उजळवतो, खरखरीत पृष्ठभाग गुळगुळीत करतो, चेहरा न विचारता उजळ करतो. म्हणजे उजळ तेच सुंदर, हा जुनाच मनुवाद यंत्रात भरलेला आहे. पाश्चात्त्य जगही त्यातून सुटलेले नाही. कोडॅक कंपनीच्या रंगीत छपाईचे प्रमाण अनेक वर्षे गोऱ्या स्त्रीच्या फोटोवरून ठरवले जात असे. त्या फोटोला 'शर्ली कार्ड' म्हणत. काळ्या माणसांचे चेहरे नीट येत नसत, आणि त्यांच्या आयांनी केलेली कुरबूर कंपनीला हलवू शकली नाही. पुढे लाकडी फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्यांनी आपल्या मालातल्या तपकिरी छटा नीट येत नाहीत म्हणून तक्रार केली, तेव्हा कंपनी जागी झाली. कॅनडातील अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी हे उघडकीस आणले. माणसाच्या चेहऱ्यासाठी जे झाले नाही ते टेबल-खुर्चीसाठी झाले!

म्हणून फोटो कसा काढावा आणि त्यात किती हात घालावा, हे थोडे सविस्तर सांगतो. त्यासाठी महागडा मोबाईल लागत नाही. आधी भिंग मऊ फडक्याने पुसा. फ्लॅश बंद ठेवा. वस्तू उघड्या दाराशी किंवा खिडकीशी न्या, सकाळचा उजेड एका बाजूने पडू द्या. उजळवणारे, सजवणारे सगळे पर्याय बंद करा. काळा तवा टिपताना मोबाईल त्याला करडा करून टाकतो. कारण समोर काळे दिसले की उजेड कमी आहे असे समजून तो चित्र उजळवतो. अशा वेळी पडद्यावर तव्यावर बोट ठेवा आणि उजेडाची खूण खाली ओढा, तवा काळाच येईल. स्टीलच्या भांड्यात तुमचेच प्रतिबिंब दिसते. त्यासाठी बाजूला पांढरी चादर धरली की चमक मऊ होते. वस्तूशेजारी मोजपट्टी किंवा रुपयाचे नाणे ठेवा, म्हणजे आकार कळेल. समोरून, मागून, वरून आणि तळाचा, असे निदान चार फोटो घ्या. तळाला ठोकलेला शिक्का, कानाला दिलेला डाग, बुडाला लावलेले ठिगळ हे जवळून टिपा. ठिगळ लपवू नका. त्या ठिगळात एका घराने काढलेला दुष्काळ असतो.

फोटो निघाल्यावर मूळ फाईलला हात लावू नका. नक्कल काढा आणि जे काय करायचे ते नकलेवर करा. वाकडा आला असेल तर सरळ करा, फालतू कडा कापा, ट्यूबलाइटमुळे रंग बिघडला असेल तर तो मूळ वस्तूजवळ आणा. एवढ्यावर थांबा. वस्तूवर जे आहे ते घालवायचे नाही आणि जे नाही ते आणायचे नाही, एवढा एकच नियम पाळा. पोचा बुजवणे, काजळी पुसणे, मागची कुडाची भिंत काढून तिथे संगमरवर बसवणे, हे करायचे नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली तारीख-वेळेची आतली नोंद गळून पडते. म्हणून तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या ६३ व्या कलमानुसार असा पुरावा देताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाईलची 'हॅश' नावाची ओळख लिहावी लागते. फाईलमध्ये तिळभर बदल झाला तरी ही ओळख बदलते. मूळ फाईल का जपायची, ते यावरून कळावे. एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे द्या आणि महत्त्वाच्या फोटोंची स्टुडिओतून छापील प्रत काढून मागे बॉलपेनने माहिती लिहा. मोबाईल पाण्यात पडतो, चोरीला जातो. कागद त्यापेक्षा जास्त टिकतो.

वस्तूंपैकी एका प्रकाराकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. ती म्हणजे नाव घातलेली भांडी. आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख घालण्याची पद्धत आहे. कोणी त्यावर 'जयभीम'ही घालून घेतो. ज्यांची जन्मनोंद धड नाही, ज्यांच्या नावे सातबारा नाही, त्यांचे नाव आणि साल या भांड्यांवर कोरलेले सापडते. मामाचे नाव, गावाचे नाव, कधी गिरणीतल्या खात्याचे नाव. धम्मदीक्षेपूर्वीची नावे आणि नंतरची नावे एकाच मांडणीवर शेजारी शेजारी मिळतात. नामदेवाच्या घरात गौतम कधी आला, हे सांगणारा तो आपला शिलालेखच आहे. ही अक्षरे घासून घासून पुसट झालेली असतात. समोरून फोटो काढला तर दिसत नाहीत. खोलीत अंधार करा, बॅटरी बाजूला अगदी तिरपी धरा. प्रत्येक टिंब उठून दिसते. ही भांडी मोडीत घालण्यापूर्वी एवढे करायलाच हवे.

फोटोसोबत शब्द हवेत, नाहीतर पन्नास वर्षांनी नातवाला ते केवळ जुने भांडे वाटेल. आणि हे शब्द पुरुषांनी ठरवायचे नाहीत. मोबाईल बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असतो आणि वस्तू आईच्या हातातल्या असतात. कोणती वस्तू टिपायची, तिला घरात काय म्हणतात, ती कशी वापरत, हे त्या माऊलीलाच विचारा. तिने 'ही नको' म्हटले तर तिचा शब्द शेवटचा. ती जे नाव सांगेल तेच लिहा, पुस्तकातले नाव लिहू नका. कोणाकडे वाकळ, कोणाकडे गोधडी. जमल्यास तिचे बोलणे त्याच मोबाईलवर रेकॉर्ड करा. कणगीत धान्य किती दिवस पुरायचे, फुंकणी कोणी आणली, चिमणीच्या उजेडात कोण शिकून मोठा झाला, हे ती सांगेल. असे विचारायला आजवर तिच्याकडे कोणी आले नसेल.

हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांच्या त्या खोल्यांत गिरणी कामगारांच्या आणि सफाई कामगारांच्या पिढ्या वाढल्या, चळवळीचे मोर्चे तिथून निघाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदाचीच गोष्ट आहे. पण नव्या घरात जाताना पत्र्याची पेटी, गिरणीचा डबा, पोटमाळ्यावरचा पितळी हंडा, दाराबाहेरचा पाण्याचा पिंप यांतले बरेच काही सोबत जाणार नाही. खेड्यातही कुडाचे घर पाडून घरकुल बांधले जाते तेव्हा हेच होते. घर बदलण्याआधीचे ते पंधरा दिवस फार मोलाचे आहेत.

बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आज आपल्याला नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात पाहायला मिळतात, कारण वामनराव गोडबोले यांनी त्या जपल्या. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या संग्रहालयात पाहायला मिळतात, कारण माईसाहेबांनी त्या सोपवल्या. तिथे गेलेला माणूस बाबासाहेबांचा कोट पाहून, टंकलेखन यंत्र पाहून गहिवरतो. महापुरुषाच्या वस्तू जपल्या पाहिजेत, हे आपल्याला कळले आहे. ज्या लाखो माणसांसाठी त्या महापुरुषाने जन्म झिजवला, त्यांच्या वस्तूंना मात्र आपण भंगार म्हणतो. सरकार आपल्या घरातल्या तव्याचे संग्रहालय उभारील याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहाराने रविवारच्या वंदनेनंतर तासभर या कामासाठी द्यावा. कॉलेजात शिकणाऱ्या दोन-चार मुला-मुलींना जबाबदारी द्यावी. घरमालकिणीला विचारून आठवड्याला एक घर घ्यावे, त्या घरातल्या दहा वस्तू निवडाव्यात, फोटो काढावेत, वहीत नोंद करावी, घरच्यांना एक प्रत द्यावी आणि एक विहाराच्या कपाटात ठेवावी. वर्षाकाठी बावन्न घरे आणि पाचशेवीस वस्तू होतील. यासाठी देणगी लागत नाही, ठराव लागत नाही, पुढाऱ्याची तारीख घ्यावी लागत नाही. येत्या जयंतीला मंडपात मोठ्या कटआऊटच्या बाजूला एक साधा फलक लावा आणि त्यावर आपल्या वस्तीतल्या या वस्तूंचे फोटो लावा, पोच्यासकट, काजळीसकट, खाली मालकिणीच्या नावासकट. वस्तीतली म्हातारी माणसे त्या फलकासमोर थांबतील आणि पोरांना सांगू लागतील. तेव्हा पोरांनी वही उघडून लिहून घ्यावे.